बुद्धीची विविधता आणि प्राथमिक स्तरावरील इंग्रजीचे अध्यापन : जयपूर व महाराष्ट्र येथील अनुभवांच्या संदर्भात

१

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या सम्राट जगन्नाथ पंडिताने युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ 'सम्राट-सिद्धान्त' या नावाने संस्कृतात आणला. हे दोन्ही ग्रंथ त्याच्यापुढे अरबी भाषेत होते. जगन्नाथ पंडित हा महाराष्ट्रीय होता, असे परंपरा मानते. त्याने अरबी व फारसी या भाषा आत्मसात केल्या, त्या मुख्यतः भूमिती आणि ग्रहगणित जाणून घेण्यासाठी. परभाषा शिकण्याचा एक मार्ग त्या भाषेच्या व्याकरणातून जातो. दुसरा मार्ग त्या भाषेत साठविलेल्या एखाद्या विषयाच्या ओढीतून जातो. हा दुसरा मार्ग विद्वानांना खुला असतो हे सर्वमान्य आहे. तो सहा-सात वर्षांच्या मुलालाही खुला असू शकतो काय, हा प्रश्न मात्र भारतीय शिक्षणविचारात पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

आज तो विचारण्याची निकड निर्माण झाली आहे. राजस्थान शासनाने २०१९ साली, महात्मा गांधींच्या जन्माच्या सार्धशताब्दीचे निमित्त साधून, जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी प्रत्येकी एक याप्रमाणे तेव्हाच्या ३३ जिल्ह्यांत शासकीय इंग्रजी माध्यमाच्या शाळा उघडल्या आणि त्यांना गांधीजींचेच नाव दिले. पुढील काही वर्षांत अशा शाळांची संख्या बरीच वाढविण्यात आली. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये इंग्रजी शिक्षणाविषयी ज्यांनी इतकी कठोर भूमिका घेतली, त्यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाची शाळा निघावी, ही विसंगती उघड आहे. परंतु त्या विसंगतीवर बोट ठेवून थांबणे पुरेसे होणार नाही. ज्यांच्या घरात इंग्रजीचे एकही पुस्तक नाही, अशा पालकांनी या शाळांपुढे गर्दी केली. खासगी शाळांचे शुल्क देणाऱ्यांनाच इंग्रजी मिळावी, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. त्यांची ही मागणी न्याय्य आहे. प्रश्न उरतो तो वर्गात काय घडते याचा.

महाराष्ट्रात हाच प्रश्न दोन दशके आधी उपस्थित झाला होता. २००० सालापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीचा प्रारंभ पाचव्या इयत्तेत होत असे. त्या वर्षी, रामकृष्ण मोरे हे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून सक्तीचा करण्यात आला. समर्थक व विरोधक यांच्यात जो वाद झाला, तो प्रामुख्याने 'केव्हा' या प्रश्नाभोवती फिरला. 'कसे' आणि 'कोणाला' हे प्रश्न त्यात मागे पडले. एका वर्गातील चाळीस मुले एकाच प्रकारे शिकत नाहीत, ही शिक्षकाच्या रोजच्या अनुभवातील गोष्ट त्या वादात क्वचितच आली. प्रस्तुत लेखात या उपेक्षित बाजूचा विचार करावयाचा आहे.

२

मराठी शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याची जुनी रीत आहे. ब्राह्मीपासून नागरीपर्यंतच्या प्रवासात ज्या अक्षराची आकृती फारशी बदलली नाही, ते हे अक्षर. म्हणून न बदलणाऱ्या, न सुधारणाऱ्या मुलाला त्याचे नाव मिळाले, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती काहीही असो, त्या संबोधनामागे बुद्धीविषयीची एक निश्चित कल्पना आहे. बुद्धी एकच आहे, ती कमीअधिक प्रमाणात जन्मतः मिळते आणि तिचे प्रमाण बदलत नाही, अशी ती कल्पना होय.

या कल्पनेला शास्त्रीय रूप विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन याने निरनिराळ्या विषयांतील यशामागे एक सामान्य घटक असल्याचे प्रतिपादन केले. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी पॅरिसच्या शाळांतील ज्या मुलांना विशेष साहाय्याची गरज आहे ती ओळखण्यासाठी कसोट्या तयार केल्या. बिने स्वतः या कसोट्यांना कायमचे मोजमाप मानीत नव्हता. बुद्धी वाढविता येत नाही या मताला त्याचा स्पष्ट विरोध होता. कसोट्यांचा पुढील इतिहास मात्र त्याच्या हेतूच्या उलट दिशेने गेला.

मराठी मुलांपुरते पाहिले तर धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने-कसोट्यांचे मराठी व कानडी भाषक मुलांसाठी केलेले रूपांतर विशेष उल्लेखनीय आहे. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. या कामातून एक गोष्ट अपरिहार्यपणे स्पष्ट झाली. कसोटीतील शब्द, चित्रे व प्रसंग मुलाच्या भाषेतील आणि परिसरातील नसतील, तर ती कसोटी बुद्धी न मोजता परिचय मोजते. पॅरिसच्या मुलासाठी सिद्ध केलेला प्रश्न धारवाडच्या मुलाला जसाच्या तसा विचारता येत नाही, हे १९४० साली मान्य झाले होते. परंतु परक्या भाषेत प्रश्न विचारून त्या उत्तरावरून मुलाची कुवत ठरविण्याची पद्धत वर्गावर्गांतून आजही चालू आहे.

बुद्धी एकविध नाही हा विचारही महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रक्रिया, आशय आणि फलित या तीन अंगांच्या आधारे बुद्धीच्या १२० क्षमतांचे जे प्रारूप १९६७ पर्यंत सिद्ध केले, त्याचा आधार घेऊन पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने (स्थापना १९६२) बुद्धिमापनाच्या कसोट्या विकसित केल्या. तेथे उद्देश प्रज्ञावंत विद्यार्थ्यांच्या शोधाचा होता. सर्वसामान्य वर्गातील प्रत्येक मुलाच्या संदर्भात हा विचार लोकप्रिय केला, तो हॉवर्ड गार्डनर याच्या १९८३ च्या ग्रंथाने. भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीर-गतिविषयक, अवकाशविषयक, परस्परसंबंधविषयक आणि आत्मविषयक अशा सात स्वतंत्र बुद्धी त्याने मांडल्या; निसर्गविषयक ही आठवी बुद्धी त्याने १९९० नंतरच्या दशकात जोडली. मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झाल्यावर एक क्षमता नष्ट होऊन दुसरी शाबूत राहणे, एखाद्या क्षेत्रात असामान्य प्रावीण्य असलेल्या व्यक्ती आढळणे, इत्यादी निकषांचा त्याने आधार घेतला.

३

गार्डनरच्या सिद्धान्ताचे शिक्षकवर्गात जितक्या उत्साहाने स्वागत झाले, तितके मानसशास्त्रज्ञांत झाले नाही. निरनिराळ्या क्षमतांच्या कसोट्यांतील गुण परस्परांशी संबद्ध आढळतात. त्यामुळे या 'बुद्धी' खरोखर स्वतंत्र आहेत असे म्हणण्यास प्रायोगिक आधार अपुरा आहे, असा मुख्य आक्षेप आहे. संगीत किंवा शारीर कौशल्य यांना 'बुद्धी' म्हणावे की 'गुण' म्हणावे, हा वादही त्याच्याशी निगडित आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बुद्धीची विविधता आणि 'अध्ययनाची शैली' या दोन कल्पनांची सर्रास गल्लत केली जाते. हे मूल 'डोळ्यांनी शिकणारे', ते 'कानांनी शिकणारे', तिसरे 'हातांनी शिकणारे' असे वर्गीकरण करून प्रत्येकाला त्याच मार्गाने शिकवावे, असा सल्ला प्रशिक्षणवर्गांतून दिला जातो. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. मुलाच्या कथित शैलीशी जुळणारे अध्यापन केल्यास त्याचे अध्ययन सुधारते, असे सिद्ध करणारा समाधानकारक पुरावा त्यांना आढळला नाही. खुद्द गार्डनरनेही आपला सिद्धान्त म्हणजे अध्ययनशैलीचा सिद्धान्त नव्हे, असा खुलासा केलेला आहे.

यावरून एक मर्यादा निश्चित करता येते. मुलांवर बुद्धीच्या प्रकारांचे शिक्के मारणे हे 'ढ' म्हणण्याचेच सुसंस्कृत रूप ठरेल. ज्या मुलाला 'शारीर बुद्धीचा' म्हटले, त्याला शिक्षक नाचवील, खेळवील. पण पुस्तक त्याच्या हाती देण्याची घाई करणार नाही. गरीब, दलित, आदिवासी घरांतील मुलांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण त्यांच्या ठिकाणी हस्तकौशल्य असते व वाङ्मयीन क्षमता नसते, असे गृहीत धरण्याची सवय समाजाला आधीच जडलेली आहे. तेव्हा बुद्धीची विविधता हा मुलांच्या वर्गीकरणाचा आधार न मानता पाठाच्या रचनेचा आधार मानणे श्रेयस्कर होय. एकाच पाठाला अनेक दरवाजे असावेत आणि ते सर्व दरवाजे सर्व मुलांना खुले असावेत. आतील दालन मात्र सर्वांसाठी एकच असावे, आणि इंग्रजीच्या पाठात ते दालन म्हणजे इंग्रजी भाषाच होय.

४

या दृष्टीने जयपूरच्या एका प्रयोगाचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. डेव्हिड हॉर्सबर्ग (१९२३-१९८४) हा इंग्रज शिक्षक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाबरोबर भारतात आला आणि पुढे शिक्षणाच्या कार्यात रमला. ऋषी व्हॅली येथील शाळेत आणि नंतर ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत त्याने इंग्रजीच्या अध्यापनाचे काम केले, शालेय पुस्तके लिहिली. १९७२ मध्ये त्याने कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात 'नील बाग' ही लहानशी शाळा ग्रामीण मुलांसाठी उघडली. तेथे इयत्ता नव्हत्या, परीक्षा नव्हत्या, शिक्षा नव्हती. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसत. प्रत्येक जण आपापल्या गतीने पुढे जाई. भाषा व गणित यांच्या बरोबरीने सुतारकाम, कुंभारकाम, शिवण व बागकाम यांना स्थान होते. इंग्रजीच्या अध्यापनात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाने खेड्यातील मुलांसाठी शाळा काढताना हाताच्या कामाला भाषेच्या शेजारी बसविले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे सर्व गार्डनरच्या ग्रंथाच्या अकरा वर्षे आधी घडले.

नील बाग येथे हॉर्सबर्गच्या हाताखाली तयार झालेले रोहित धनकर व रीना दास यांनी १९७८ मध्ये जयपूर येथे 'दिगंतर' ही शाळा अगदी लहान प्रमाणावर सुरू केली. १९८७ मध्ये तिला संस्थेचे रूप मिळाले आणि जयपूरच्या सीमेवरील जगतपुरा परिसरातील खेड्यांत तिचे कार्य विस्तारले. माध्यम हिंदी, मुलांची घरची बोली ढूंढाडी. इयत्तांऐवजी समूह आणि परीक्षेऐवजी शिक्षकाचे सततचे निरीक्षण, हे नील बागचे तत्त्व येथेही आले. धनकर पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तकविषयक गटाचे अध्यक्ष होते. जयपूरमध्येच १९८७ पासून 'बोध शिक्षा समिती'ने शहरातील गरीब वस्त्यांतील मुलांसाठी काम आरंभिले.

या परंपरेचे वैशिष्ट्य असे की, मुलांमधील भिन्नतेचे उत्तर तिने बुद्धीच्या वर्गीकरणात शोधले नाही. काळाच्या वाटपात शोधले. सर्व मुलांना एकच वेळ दिला तर फळ भिन्न मिळते. फळ समान हवे असेल तर वेळ भिन्न द्यावा लागतो. सामान्य शाळेत वेळ निश्चित असतो आणि आकलन अनिश्चित. तो क्रम उलटा करणे, हा या प्रयोगाचा गाभा म्हणता येईल. इंग्रजीसारख्या परभाषेच्या बाबतीत याचे महत्त्व अधिक आहे. परभाषा शिकणारे मूल बोलण्यापूर्वी दीर्घकाळ नुसते ऐकत असते. वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक या मौनाला अज्ञान समजते.

५

बुद्धीच्या विविधतेची चर्चा करताना मुलाजवळ आधीच असलेल्या भाषेचा विसर पडता कामा नये. जयपूरचे मूल ढूंढाडी आणि हिंदी अशा दोन भाषाव्यवस्था घेऊन शाळेत येते. घरी 'आहे' या अर्थी 'छै' म्हणणारे मूल शाळेत 'है' म्हणते. कोणासमोर काय म्हणावे हे त्याला कोणी व्याकरणाने शिकविलेले नसते. मराठी मुलाचीही हीच स्थिती आहे. 'आनी' आणि 'आणि', 'न्हाई' आणि 'नाही' यांतील सामाजिक अंतर त्याला लवकर कळते. ज्याला मंद समजले जाते त्या मुलाजवळही ही सूक्ष्म भाषिक जाण असते. भाषिक बुद्धी काही मुलांनाच लाभते, हे विधान त्यामुळे जपून करावयास हवे.

शिवाय इंग्रजीचा शब्दसंग्रह त्याच्याजवळ अगोदरच असतो. बस, तिकीट, टेबल, कप, बटन, नंबर, टाइम, पेन, बॉल, लाइट हे शब्द जयपूरच्या वस्तीतील व मराठवाड्याच्या खेड्यातील मुलांना सारखेच परिचित आहेत. ते आपल्या भाषेच्या उच्चारव्यवस्थेत बसविण्याचे काम समाजाने कधीच पार पाडले आहे. हिंदी भाषक प्रदेशात आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर येऊन 'इस्कूल' होते. ग्रामीण मराठीत आरंभीचा ऊष्म वर्ण गळून 'स्टेशन'चे 'ठेसन' होते. ही रूपे अशुद्ध म्हणून हसण्यावारी नेण्याऐवजी दोन ध्वनिव्यवस्थांच्या भेटीची साक्ष म्हणून वर्गात मांडली, तर पहिला पाठ मुलाच्या संपत्तीपासून सुरू होतो.

अडचणीही याच तुलनेतून स्पष्ट होतात. मराठीत व हिंदीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. म्हणून 'आय बुक रीड' असे वाक्य मुलाच्या तोंडून येते. त्यात त्याची तर्कशक्ती काम करीत असते, ती बंद पडलेली नसते. मराठीत 'टेबलावर' असे म्हणताना संबंध दाखविणारा अंश नामाच्या मागून येतो, इंग्रजीत तो नामाच्या आधी येतो. 'अ' आणि 'द' या उपपदांना तर या भाषांत प्रतिरूपच नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांनी दाखविलेले दोन ध्वनी एकाच 'व'मध्ये सामावतात.

सर्वांत मोठी अडचण लिपीची आहे. देवनागरीचे अक्षर हे अक्षरशः अक्षर, म्हणजे उच्चाराचे एक पूर्ण एकक असते. 'क' म्हटले की त्यात 'अ' आलाच. रोमन लिपीत ध्वनीचे याहून लहान तुकडे करावे लागतात. कानडी मुलांच्या वाचनावरील सोनाली नाग यांच्या संशोधनात असे दिसून आले आहे की, अशा लिपी शिकणाऱ्या मुलांत अक्षराची जाण लवकर येते, सुट्या ध्वनीची जाण सावकाश येते. त्यातच 'पुट' आणि 'बट' या दोन शब्दांत तोच स्वरवर्ण लिहून उच्चार मात्र निराळा करावयाचा, हे मुलाच्या तर्कबुद्धीला पटत नाही. नागरी लिपीने त्याला जे लिहिले ते वाचावे हा न्याय शिकविलेला असतो. विसंगतीला अडणारे मूल मंद नसते. पुष्कळदा वर्गातील सर्वांत तर्कशुद्ध मूलच तेथे अडते. 'ही त्या भाषेची खोड आहे, तुझी चूक नाही', एवढे शिक्षकाने सांगितले तरी त्याचा मार्ग मोकळा होतो.

६

अनेक दरवाजे असलेला पाठ म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. जयपूरमध्ये मकरसंक्रांतीला पतंग उडविले जातात आणि त्या दिवसांत शहरातील गच्च्या माणसांनी भरून जातात. समजा, दुसऱ्या इयत्तेच्या वर्गात पतंग हा इंग्रजीच्या पाठाचा विषय घेतला. कागद दुमडून व कापून पतंग तयार करताना शिक्षक 'फोल्ड', 'कट', 'पेस्ट' या आज्ञा इंग्रजीत देतो. मूल त्या कृतीने पाळते, बोलण्याची सक्ती नाही. आज्ञा ऐकून हालचाल करीत भाषा शिकण्याची ही रीत जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पद्धतशीरपणे मांडली होती. पुढे मैदानात 'अप', 'डाउन', 'पुल' हे शब्द दोरीच्या ताणासह येतात. पतंगांची मोजणी होते, लांबी मोजली जाते, कोणाचा मोठा व कोणाचा लहान याची तुलना होते. तालावर म्हणावयाची दोन-चार वाक्ये शिक्षक त्याच शब्दांतून जुळवितो. ताल आला की इंग्रजी वाक्यातील आघात आपोआप बसतो. मराठी किंवा हिंदी बोलण्यात असा आघात अर्थाला महत्त्वाचा नसल्यामुळे तो केवळ समजावून सांगून येत नाही. शेवटी प्रत्येक जण आपल्या पतंगाविषयी दोन वाक्ये बोलतो आणि एक लिहितो.

येथे शेवटची पायरी निर्णायक आहे. कापणे, मोजणे, गाणे हे सर्व करून मूल एकही इंग्रजी वाक्य न बोलता घरी गेले, तर तो हस्तकलेचा किंवा संगीताचा तास झाला, इंग्रजीचा झाला नाही. बुद्धीच्या विविधतेच्या नावाखाली होणाऱ्या पाठांतील हा सर्वसामान्य दोष आहे. उपक्रम रंगतो आणि भाषा दारातच उभी राहते.

दुसरे उदाहरण लिपीचे. इंग्रजीच्या लहान लिपीतील 'बी', 'डी', 'पी' आणि 'क्यू' या चार अक्षरांची छापील आकृती मूलतः एकच असते : एक दांडा आणि त्याला जोडलेला एक गोल. गोल कोणत्या बाजूला आणि दांडा वर की खाली, एवढ्यावर अक्षर बदलते. देवनागरीत केवळ आरशातील प्रतिमेने वेगळी होणारी अक्षरांची जोडी नाही. त्यामुळे दिशा हा अक्षराचा भेदक गुण असू शकतो, हेच मुलाला नवीन असते. सांगानेर व बगरू ही जयपूरजवळची गावे लाकडी ठशांनी कापड छापण्यासाठी प्रसिद्ध आहेत. छिपा घरातील मुलाला ठसा उलटा कोरलेला असतो आणि कापडावर तो सुलटा उमटतो, हे पाहून माहीत असते. त्याच्या वर्गात बटाट्यावर 'बी' कोरून तो कागदावर 'डी' कसा उमटतो हे दाखविले, तर इतरांना जे आठवडे घेऊन पाठ होते, ते त्याला एका क्षणात कळेल, आणि तो ते इतरांना समजावूनही देईल. त्याला 'अवकाशविषयक बुद्धीचा' असा शिक्का मारण्याची गरज नाही. त्याच्या घरातील ज्ञान वर्गात आणणे एवढेच पुरेसे आहे.

७

महाराष्ट्रात या दिशेने झालेल्या दोन कामांचा निर्देश करणे आवश्यक आहे. पहिले पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस (स्थापना १९८४) या संस्थेचे. मराठी माध्यमाच्या वर्गांसाठी तिने तयार केलेल्या 'वुई लर्न इंग्लिश' या श्राव्य कार्यक्रमात मुले केवळ श्रोते नसतात. कार्यक्रमात जागोजागी विराम असतो, त्यात मुलांनी उत्तर द्यावयाचे, कृती करावयाची, गाणे म्हणावयाचे. ज्या शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलण्याचा सराव नाही, तोही मुलांबरोबर शिकतो. २००० च्या निर्णयानंतर ही उणीव सर्वत्र जाणवली होती; हजारो शिक्षकांना जी भाषा स्वतः कधी बोलावी लागली नव्हती, ती पहिलीच्या मुलांना शिकवावी लागली. शिक्षकाच्या संकोचाचा विचार न करता मुलांच्या बुद्धीचा विचार करणे अपुरे आहे.

दुसरे काम फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचे. जन्माने अमेरिकन आणि पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाविज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर पीएच. डी. चा प्रबंध लिहिला आणि पुढे या संस्थेची स्थापना केली. १९८६ मध्ये सुरू झालेले तिचे कमला निंबकर बालभवन हे मराठी माध्यमाचे आहे. जिची मातृभाषा इंग्रजी, तिने काढलेली शाळा मराठी माध्यमाची असावी, हा योगायोग नव्हे. वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट घ्यावयाचे आणि प्रत्येक गटातून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयास द्यावयाचे, ही तेथील वाचनाची रीत. घरची बोली ही चूक नाही, ती प्रारंभबिंदू आहे, हा तिच्यामागील विचार. एका भाषेत अर्थासाठी वाचावयास शिकलेले मूल दुसऱ्या भाषेतही अर्थ शोधते. अर्थाविना अक्षरे ओढणारे मूल दुसऱ्या भाषेतही तेच करते. मातृभाषेतील वाचन दृढ होण्यापूर्वी परभाषेचे वाचन लादल्यास दोन्हींचे नुकसान होते. श्रवण व संभाषण यांचा प्रारंभ मात्र लवकर करण्यास प्रत्यवाय नाही.

८

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, एकच शिक्षक, कधी कधी दोन इयत्तांना मिळून एकच खोली. अशा ठिकाणी अनेक दरवाजांचा पाठ कसा घ्यावयाचा? नील बाग आणि दिगंतर यांसारख्या शाळा लहान होत्या, त्यांना निवडक व ध्येयवादी शिक्षक लाभले. हा आक्षेप रास्त आहे. त्याला अंशतः उत्तर असे देता येईल की, नील बागची बीजे मोठ्या क्षेत्रातही रुजली. हॉर्सबर्गकडे शिकलेल्या रमा व पद्मनाभ राव यांनी ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांसाठी कार्डांच्या आधारे स्वगतीने शिकण्याची पद्धत विकसित केली आणि २००३ नंतर चेन्नईच्या महापालिका शाळांतील कृतियुक्त अध्यापनाला तिचा आधार मिळाला. विस्ताराबरोबर यांत्रिकताही आली, हेही खरे. कार्ड पुढे सरकते आणि मूल मागे राहते, असे तेथेही होऊ शकते. कोणतीही पद्धत मुलाकडे पाहणाऱ्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप भारतीय साहित्याच्या अभ्यासकांकडून येईल. मुलांना इंग्रजी चांगली शिकविण्याचा मार्ग शोधणे म्हणजे भारतीय भाषांच्या ऱ्हासाला हातभार लावणे नव्हे काय? इतिहास याचे वेगळे उत्तर देतो. एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य ज्यांनी घडविले, त्या बाळशास्त्री जांभेकर, विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर यांच्या पिढ्या इंग्रजी शिकलेल्या होत्या. त्यांनी इंग्रजीत मिळविलेले मराठीत ओतले. ऱ्हास परभाषेच्या ज्ञानाने होत नाही. तो होतो मुलाला स्वभाषेची लाज शिकविल्याने. आणि इंग्रजीच्या वर्गात ही लाज शिकविण्याचे साधन म्हणजे बुद्धीविषयीचा तोच जुना गैरसमज होय : ज्याला इंग्रजी येते तो हुशार, ज्याला येत नाही तो 'ढ'.

बुद्धीच्या विविधतेच्या सिद्धान्ताची शास्त्रीय बाजू वादग्रस्त राहील. कदाचित पुढे ती टिकणारही नाही. परंतु त्याने शिक्षकाला एक उपयुक्त प्रश्न दिला आहे. मूल किती हुशार आहे, असे न विचारता ते कोणत्या बाबतीत आणि कोणत्या वाटेने हुशार आहे, असे तो विचारू लागतो. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कसोटीपेक्षा मुलाच्या घरात, बोलीत आणि परिसरात अधिक सापडते. भूमितीच्या ओढीने अरबीपर्यंत गेलेल्या पंडिताच्या नगरीत, पतंगाच्या किंवा ठशाच्या ओढीने इंग्रजीपर्यंत जाणारे मूल असू शकते, हे गृहीत धरून वर्गाची रचना केली, तर शासनाच्या नव्या शाळांना पालकांच्या अपेक्षेस उतरण्याची संधी आहे. तसे न झाल्यास इंग्रजी मिळविण्यासाठी ज्या मुलांना तेथे पाठविले, त्यांच्या पदरी इंग्रजीऐवजी आपल्याला काही येत नाही ही भावनाच तेवढी पडेल.